सेवाक्षेत्र वाढले म्हणजे नागपूरची उत्पादकता वाढली, असे म्हणता येईल का?

प्रश्न : लघुप्रबंधवाली, नागपूर

नमस्कार. मी नागपुरात अर्थशास्त्रात एम.ए. करीत असून लघुप्रबंधासाठी सेवाक्षेत्र आणि आर्थिक वाढ हा विषय घेतला आहे. वाचन वाढले तसा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढतच गेला, म्हणून येथील जाणकारांना विचारते आहे.

देशाच्या सकल मूल्यवर्धनात (उत्पादनाच्या मूल्यातून कच्च्या मालाचा व इतर खरेदीचा खर्च वजा जाता उरते त्यात) सेवांचा वाटा निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५५ टक्के आहे. परंतु २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार काम करणाऱ्यांपैकी जेमतेम ३० टक्के लोक सेवांत आहेत आणि ४६ टक्के अजूनही शेतीवर आहेत. या दोन आकड्यांचा भागाकार केला तर सेवांमधला माणूस सरासरीहून बरेच अधिक मूल्य निर्माण करतो असे दिसते. दुसरीकडे आम्हाला वर्गात शिकवले जाते की उत्पादकता वाढते ती कारखान्यात, आणि अर्थव्यवस्था सेवांकडे झुकली की वाढीचा वेग मंदावतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात?

माझ्या डोळ्यांसमोर आपले शहरच आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे १८७७ मध्ये सुरू झाली. ती बंद पडली आणि त्या जागेवर आज मॉल उभा आहे. मिहानची, म्हणजे विमानतळालगतच्या औद्योगिक प्रकल्पाची, कल्पना मालवाहतूक आणि विमानतळाभोवती रचलेली होती. आज तेथे आयटी कंपन्या, एम्स आणि आयआयएम आहेत. वाडीपासून पुढे अमरावती रस्त्याने गोदामेच गोदामे दिसतात. माझे वडील हिंगणा एमआयडीसीत नोकरीला होते. त्यांचे मत ठाम आहे : शहरात दुकानदारी वाढली, पैदास वाढली नाही. मला त्यांचे म्हणणे खोडता येत नाही आणि पटतही नाही. नेमके कोणत्या सेवेने उत्पादकता वाढते आणि कोणत्या सेवेने वाढत नाही, हे ठरवण्याची काही कसोटी आहे का?

उत्तर १ : जुना मास्तर

तुमच्या वडिलांना सांगा की त्यांची संगत मोठी आहे. नोकरचाकरांचे श्रम ज्या क्षणी केले त्याच क्षणी विरून जातात, मागे विकण्याजोगी वस्तू राहत नाही, म्हणून ते अनुत्पादक, असे ॲडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवले होते. पुढे १९६६ मध्ये अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांनी केंब्रिजमधील व्याख्यानात कारखानदारी हेच वाढीचे इंजिन असल्याचे मांडले, आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या मजूर सरकारने त्यांच्या सल्ल्याने सेवा पुरवणाऱ्या मालकांवर दरडोई कर्मचारी कर बसवला. माणसे दुकानांतून आणि हॉटेलांतून निघून कारखान्यांत जावीत हा त्यामागचा हेतू होता. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला तेव्हा तो कर गुंडाळण्यात आला. सिद्धांतावरून थेट कर बसवण्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते, म्हणून ते लघुप्रबंधात अवश्य घ्या.

आता तुमचा मूळ पेच. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक आहे उत्पादकतेची पातळी आणि दुसरी आहे तिच्या वाढीचा वेग. आपल्याकडे शेतीत गरजेपेक्षा कितीतरी अधिक माणसे अडकलेली असल्यामुळे तिची सरासरी इतकी खाली आहे की तेथून निघून माणूस जवळजवळ कोठेही गेला तरी देशाची सरासरी वर सरकते. तो एकदाच मिळणारा लाभ झाला. त्यानंतर प्रश्न येतो की ज्या क्षेत्रात तो गेला, ते क्षेत्र स्वतः दरवर्षी किती सुधारते. पाठ्यपुस्तकातील इशारा या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे, पहिल्याबद्दल नाही.

तो इशारा अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल यांचा. त्यांनी आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये नाटक-संगीताच्या अर्थकारणाचा अभ्यास करताना ही गोष्ट लक्षात आणून दिली. आपल्या वसंतराव देशपांडे सभागृहात होणारी ख्यालगायनाची बैठक घ्या. गायक, तबलजी, संवादिनीवाला आणि तानपुऱ्यावरचे शिष्य, हा ताफा पन्नास वर्षांपूर्वी जेवढा लागत होता तेवढाच आज लागतो, आणि विलंबित ख्यालाला तेव्हा लागत होता तेवढाच वेळ आजही लागतो. उत्पादकता मुळीच वाढलेली नाही. परंतु तबलजीचे मानधन पन्नास वर्षांपूर्वीच्या दराने राहू शकत नाही, कारण बाहेर कारखान्यांत आणि कार्यालयांत उत्पादकतेबरोबर वेतने वाढली आहेत आणि तेवढे दिले नाही तर कोणी तबला शिकणारच नाही. परिणामी बैठकीचा खर्च टीव्हीसंचाच्या तुलनेत सतत वाढत जातो. हीच गोष्ट शाळेची, परिचारिकेची आणि केशकर्तनालयाची. लोक महागड्या झालेल्या या सेवा तरीही घेत राहिले, तर खर्चाचा आणि मनुष्यबळाचा वाढता भाग संथ क्षेत्रांकडे जातो आणि देशाचा एकूण वेग त्यांच्याकडे ओढला जातो.

हे सगळे बरोबर आहे; पण त्यातली एक अट बहुतेक विद्यार्थी वाचत नाहीत. ती सेवा अंतिम ग्राहकाने उपभोगण्यासाठी घेतलेली असावी, असे त्या गणितात गृहीत धरलेले आहे. सेवा जर दुसऱ्या धंद्याचा कच्चा माल असेल, तर निष्कर्ष उलटा होऊ शकतो, हे निकोलस ऊल्टन यांनी २००१ मध्ये दाखवले. एखाद्या सेवेची उत्पादकता संथ का होईना पण वाढत असेल आणि कारखाने तिचा अधिकाधिक वापर करू लागले, तर तिच्याकडे माणसे वळल्याने एकूण वाढ खाली न जाता वर जाते. तुम्ही मागितलेली कसोटी मला येथे दिसते : सेवा विकत कोण घेते आणि घेऊन काय करते?

मोजमापाबद्दलही थोडे लिहितो, कारण प्रबंध तपासणारे तेथेच पकडतात. सरकारी शाळा, सरकारी दवाखाना, जिल्हाधिकारी कार्यालय यांची सेवा बाजारात विकली जात नाही, म्हणून राष्ट्रीय लेख्यात (देशाच्या उत्पन्नाच्या सरकारी हिशेबात) तिचे मूल्य प्रामुख्याने तेथील पगारांवरून धरले जाते. उत्पादन हे खर्चावरूनच मोजले तर उत्पादकता वाढलेली दिसणार कशी? सातबारा ऑनलाइन मिळू लागला आणि शेतकऱ्याची तलाठ्याकडची खेप वाचली, तरी त्या वाचलेल्या दिवसाची नोंद या आकड्यांत होत नाही. शिवाय जगदीश भगवती यांनी १९८४ मध्ये लक्ष वेधलेली गोष्ट आहे ती सेवांच्या फुटून निघण्याची. बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यातला पहारेकरी आणि उपाहारगृहातला स्वयंपाकी पूर्वी कारखान्याच्या हजेरीपटावर असत, तेव्हा त्यांची मोजदाद कारखानदारीत होई. आज तेच काम कंत्राटी संस्था करते. माणूस तोच, फाटकही तेच, पण आकडेवारीत तो सेवाक्षेत्रात गेला. सेवांच्या 'वाढी'चा काही भाग असा कागदावरचा आहे आणि तो वगळल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

उत्तर २ : वाडीचा वाहतूकदार

मास्तरांची अट मी धंद्याच्या बाजूने सांगतो. मी मालवाहतूक आणि गोदामांच्या व्यवसायात आहे आणि जीएसटीच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही काळ पाहिले आहेत.

१ जुलै २०१७ पूर्वी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की दोन टक्के केंद्रीय विक्रीकर लागत असे आणि त्याची वजावट पुढच्या व्यापाऱ्याला मिळत नसे. तो टाळण्यासाठी कंपन्या प्रत्येक राज्यात एक डेपो ठेवत आणि स्वतःचाच माल स्वतःच्याच डेपोत पाठवला असे दाखवत. त्यामुळे नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचे आपण कितीही अभिमानाने सांगितले, तरी येथील डेपो फक्त विदर्भापुरता राही. रायपूरसाठी रायपुरात, जबलपूर-भोपाळसाठी मध्य प्रदेशात वेगळे गोदाम लागे. भूगोल आपल्या बाजूने होता, पण करामुळे त्याचा उपयोग होत नव्हता. जीएसटीने ते कारण काढून टाकले, राज्यांच्या सीमेवरच्या विक्रीकराच्या चौक्या उठल्या, आणि चार राज्यांतली छोटी गोदामे मोडून एका मोठ्या गोदामातून चारही बाजूंना माल पाठवणे परवडू लागले.

मोठ्या गोदामाने काय बदलते ते प्रत्यक्ष पाहण्यासारखे आहे. जुन्या गोदामात गाडी मागे घेऊन दाराशी लावली जाई, फळी टाकली जाई, हमाल पाठीवरून एकेक पोते किंवा खोका उतरवत आणि मुनीम दारात उभा राहून वहीत रेघा मारी. मोजणी चुकली की पुन्हा मोजा. बिल्टी, चलान, फॉर्म यांपैकी एक कागद कमी असला की गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत तेथेच उभी राही आणि हॉल्टिंगवरून भांडणे होत. आताच्या गोदामात धक्क्याची उंची गाडीच्या फाळक्याशी जुळते, माल पॅलेटवरच (खोके रचण्याच्या सपाट चौकटीवर) येतो, बॅटरीवरची ढकलगाडी एका वेळी सगळा पॅलेट उचलून आत नेते, खोक्यावरचा बारकोड वाचला की साठ्याची नोंद आपोआप होते आणि ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) चालकाच्या मोबाइलमध्ये असते. दिवसभर अडकणारी गाडी दुपारच्या आत मोकळी होऊन दुसऱ्या भाड्याला लागते. गाडी तीच आणि चालकही तोच, फक्त महिन्यात तिचे चाक जास्त फिरते. २०१८ मध्ये केंद्राने अवजड वाहनांची भारमर्यादा वाढवली तेव्हाही तसेच झाले : जुन्याच गाडीला जास्त माल कायदेशीररीत्या भरता येऊ लागला. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात ते मास्तर सांगतील. आमच्या भाषेत ट्रिपा वाढल्या.

आता या फायद्याचा मालक कोण, हे पाहा. आमच्यात स्पर्धा इतकी आहे की वाढलेल्या ट्रिपांचा बराच लाभ भाडे कमी होण्यात निघून जातो. खरा लाभ साबण, रंग किंवा औषधे बनवणाऱ्या कंपनीला होतो, कारण तिला पूर्वी चार डेपोंत अडकवून ठेवावा लागणारा साठा आता लागत नाही आणि त्यात गुंतलेले भांडवल मोकळे होते. म्हणजे सुधारणा सेवेत झाली आणि नफा कारखान्याच्या ताळेबंदात दिसला. लघुप्रबंधात तुम्ही केवळ 'वाहतूक व साठवण' या रकान्यातली उत्पादकता पाहिली, तर आमच्या कामाचा अर्धा परिणाम तुम्हाला दिसणारच नाही.

मात्र तुमच्या वडिलांचे म्हणणे मी पूर्णपणे उडवून लावणार नाही. आमच्या धंद्यातली सर्वात मोठी अडचण परतीच्या मालाची आहे. मुंबई-भिवंडीकडून नागपूरला भरलेली गाडी येते. परत जाताना काय भरायचे? हंगामात संत्री असतात, भंडारा-गोंदियाकडचा तांदूळ असतो, कापसाच्या गाठी असतात, बुटीबोरी-हिंगण्याचा काही माल असतो. पण वर्षभर पुरेल एवढा तयार माल या भागात बनत नाही. परतीचे भाडे पडत्या दराने घ्यावे लागते आणि कधी गाडी रिकामी न्यावी लागते. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला, ७०१ किलोमीटरचा रस्ता उत्तम आहे, पण टोल जाताना लागतो तसा येतानाही लागतो. रिकाम्या गाडीने वाचवलेले तास कोणाच्या उपयोगाचे? गोदामांच्या शेजारी कारखाने उभे राहिले नाहीत, तर आमची उत्पादकता एका मर्यादेपुढे जाणार नाही, मग धक्के कितीही आधुनिक करा.

लघुप्रबंधवाली

सर, आणि वाहतूकदार काका, मनापासून आभार. सेवा विकत कोण घेते हा प्रश्न मी आतापर्यंत विचारलाच नव्हता. पण मग दवाखाने आणि शिकवणी वर्ग यांचे काय? तेथे सेवा घेणारा अंतिम ग्राहकच असतो. त्या कसोटीने धंतोली-रामदासपेठेतील एवढी रुग्णालये शहराच्या वाढीत धरायचीच नाहीत का?

उत्तर ३ : रामदासपेठ सीए

ताई, धरायचीच, पण कारण वेगळे आहे. मी अनेक वर्षे वैद्यकीय संस्थांचे हिशेब पाहतो. या भागातील मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी बसलात तर छिंदवाडा, बालाघाट, बैतूल, आदिलाबाद, चंद्रपूर अशी गावे ऐकू येतील. बाहेरचा रुग्ण येथे खर्च करतो तेव्हा शहराच्या दृष्टीने ती निर्यातच असते. त्या पैशावर लॉज, खानावळी, औषधविक्रेते आणि ऑटोवाले चालतात. म्हणून मास्तरांच्या प्रश्नाला मी जोड देईन : सेवा घेणारा शहराच्या आतला आहे की बाहेरचा? अर्थात ही निर्यात आपल्या हातून जाऊही शकते. रायपूरला २०१२ मध्ये एम्स सुरू झाले, आणि तिकडे सोयी वाढतील तसा छत्तीसगडचा रुग्ण तेथेच थांबेल. तो नागपूरला यावा असे वाटत असेल तर येथे काहीतरी सरस असायला हवे.

रुग्णालय हा एकच उद्योग धरू नका. त्याच इमारतीत बॉमोल खरे ठरतात आणि खोटेही ठरतात. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या यंत्रात लावल्या की पूर्वी अनेक तंत्रज्ञ करीत ते काम एक तंत्रज्ञ सांभाळतो, आणि चाचणी सामान्य माणसाला परवडू लागते. वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात मात्र परिचारिकेकडे जितके रुग्ण सोपवता येतात त्याला मर्यादा आहे आणि ती ओलांडली तर त्याला उत्पादकता म्हणत नाहीत, हलगर्जीपणा म्हणतात. तेव्हा एकूण 'आरोग्य' या शीर्षकाची सरासरी काढून काहीच कळत नाही. कराची एक बाबही लक्षात घ्या : आरोग्यसेवा जीएसटीतून मुक्त आहे, हे ऐकायला चांगले वाटते, पण त्यामुळेच रुग्णालयाला यंत्रसामग्रीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो खर्चात मुरतो. ज्या यंत्राने उत्पादकता वाढते तेच यंत्र या क्षेत्राला तुलनेने महाग पडते.

सरासरीचा विषय निघालाच आहे तर तुमच्या पहिल्या आकड्याबद्दल बोलतो. ५५ टक्के मूल्यवर्धन आणि ३० टक्के माणसे, यावरून सेवांतील प्रत्येक जण बरा कमावतो असा समज होतो, आणि तो चुकीचा आहे. मोठ्या आयटी कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत प्रतिकर्मचारी उलाढाल ४० ते ५० लाख रुपयांच्या घरात येते. उलाढाल आणि मूल्यवर्धन एक नव्हे हे मान्य, पण या धंद्यात कच्चा माल फारसा नसल्याने दोहोंत फार मोठे अंतर नसते. आता दुसरे टोक पाहा. असंघटित उपक्रमांच्या २०२३-२४ च्या वार्षिक सर्वेक्षणात सुमारे १२ कोटी माणसे मोजली गेली, ज्यांत छोटे कारागीर आहेत, पण दुकानदारी आणि इतर सेवांतले लोक बहुसंख्य आहेत. तेथे प्रतिमाणशी वार्षिक मूल्यवर्धन दीड लाखाच्या आसपास आहे. आयटी उद्योगात देशभरात मिळून ५० लाखांहून थोडीच अधिक माणसे आहेत. मिहानमधला अभियंता आणि गल्लीतला चौथा किराणा दुकानदार, दोघेही तुमच्या ५५ टक्क्यांत बसलेले आहेत.

या चौथ्या दुकानदाराबद्दल तुमच्या वडिलांचे म्हणणे मला तंतोतंत पटते. गल्लीत चौथे दुकान उघडले म्हणून गल्लीत साखर जास्त खपत नाही, तेवढीच विक्री चौघांत वाटली जाते. तो दुकानदार झाला तो दुसरे काम मिळाले नाही म्हणून. कारखानदारी रोजगार द्यायला लागण्याआधीच ओसरू लागण्याच्या ज्या प्रवृत्तीबद्दल हार्वर्डचे डॅनी रॉड्रिक लिहितात, तिचा येथील चेहरा मला हा दिसतो. एम्प्रेस मिलने रिंग स्पिंडल (सूत कातण्याच्या वेगवान चात्या) आणले तेव्हा त्याच मजुराच्या हातून जास्त सूत निघू लागले आणि त्यासाठी त्याला पदवी लागत नव्हती. आयटीत उत्पादकता भरपूर आहे, पण दारात पदवी आणि इंग्रजी उभी आहे. कमी शिकलेल्या माणसाला हळूहळू अधिक उत्पादक करत नेण्याचे काम कारखान्याने केले, तसे करणारी सेवा कोणती? वाहतूकदारांनी वर्णन केलेले आधुनिक गोदाम हे मला त्यातल्या त्यात जवळचे उत्तर वाटते; पण तेथेही पॅलेट आले तेव्हा किती हमाल कमी झाले, हे त्यांनी लिहिलेले नाही.

वाडीचा वाहतूकदार

सीए साहेब, चिमटा योग्य जागी काढलात. पाठीवर पोते वाहणारे कमी झाले, हे खरे आहे. त्यांतले तरुण होते ते स्कॅनरवर, पॅकिंगवर किंवा छोटा हत्ती (लहान मालवाहू टेम्पो) घेऊन शहरातल्या वाटपावर गेले. वय झालेले गावी गेले किंवा कळमन्याच्या बाजारात गेले, जेथे अजून पाठीवरच काम चालते. नव्या गोदामात माणसे मिळून जास्तच आहेत, कारण माल कितीतरी पट वाढला. पण ती सगळी तीच माणसे नाहीत, आणि बहुतेक कंत्राटदाराकडची आहेत.

उत्तर ४ : जुना मास्तर

रामदासपेठच्या साहेबांनी घातलेली भर योग्य आहे. विद्यार्थिनीसाठी कामाचे तेवढे लिहितो. नागपूरच्या सर्व सेवांवर लघुप्रबंध लिहायला घेऊ नका, तो पुरा होणार नाही. दोन सेवा निवडा : गोदामे, ज्यांचे ग्राहक उद्योग आहेत, आणि रोगनिदान प्रयोगशाळा, ज्यांचे ग्राहक रुग्ण आहेत. पहिल्यासाठी प्रतिमाणशी हाताळलेला माल आणि गाडी मोकळी होण्यास लागणारा वेळ मोजा. दुसऱ्यासाठी प्रतितंत्रज्ञ चाचण्या आणि चाचणीचा दर. रुपयांत मोजाल तर किंमत निर्देशांकाच्या वादात अडकाल, म्हणून शक्य तेथे नग आणि तास वापरा. पार्श्वभूमीसाठी असंघटित उपक्रमांच्या सर्वेक्षणातील घटकपातळीवरची माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळते. कारखान्यांच्या वार्षिक पाहणीवर विसंबू नका, कारण तिच्या कक्षेत प्रामुख्याने कारखानेच येतात. आणि कंत्राटी माणसांना मोजायला विसरू नका. मालक त्यांना आपल्या हजेरीपटावर दाखवत नाही, त्यामुळे त्याने दिलेल्या संख्येने भागलेत तर उत्पादकता जेवढी आहे त्याच्या दुप्पटही दिसू शकेल.